नदीकाठचा जागल्या

वसंतातील व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, आरोग्य, साहित्य असे भारदस्त विषय मांडले जात असताना एका पक्ष्यासाठी जागा मागणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. शिवाय तो पक्षी मोर नव्हे, हंस नव्हे, कोकिळही नव्हे. त्याच्यावर कवींनी काव्ये केली नाहीत आणि शुभाशुभ सांगणाऱ्यांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही. मोठा करवानक हे त्याचे नाव. ते ऐकल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढे पक्षी उभा राहील असे लोक एखाद्या शहरात बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. तथापि हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. ज्या दिवसांत आपण संध्याकाळच्या गार हवेत व्याख्याने ऐकतो, त्याच दिवसांत नदीच्या तापलेल्या वाळूत ह्या पक्ष्याची अंडी उघड्यावर पडलेली असतात. ती उबतील की चिरडली जातील हे बऱ्याच अंशी आपल्या शहराच्या व्यवहारावर अवलंबून असते. म्हणून हा विषय दिसतो तितका दूरचा नाही.

प्रथम ह्या पक्ष्याची ओळख करून घेऊ. मोठा करवानक म्हणजे गावठी कोंबड्याएवढा, पण पायांनी उंच, राखट वाळूच्या रंगाचा पक्षी. चोचीपासून शेपटापर्यंत त्याची लांबी सुमारे ५० ते ५५ सेंटिमीटर भरते. चोच जाड, काळी, बुडाशी पिवळी आणि टोकाकडे किंचित वर वळलेली. १८२९ साली फ्रान्सचे निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी ह्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा ह्या चोचीवरूनच त्याला ‘रिकर्व्हिरोस्ट्रिस’ म्हणजे ‘मागे वळलेल्या चोचीचा’ असे नाव दिले. चेहऱ्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची नक्षी असते, आणि तीत बसविलेले दोन मोठे पिवळे डोळे. हे डोळे पाहिले की हा प्राणी उजेडासाठी घडलेला नाही हे सांगावे लागत नाही. मोठी बाहुली अधिक प्रकाश आत घेते, आणि चांदण्याच्या अंधुक उजेडातही ह्या पक्ष्याचे काम भागते.

इंग्रजीत ह्याच्या कुळाला ‘जाड गुडघ्यांचे’ अशा अर्थाचे नाव आहे. वस्तुतः जो सांधा फुगीर दिसतो तो गुडघा नव्हेच. पक्ष्याचा खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. आपण ज्याला पक्ष्याचा गुडघा समजतो ती त्याची टाच होय, आणि खाली जमिनीवर टेकलेली असतात ती नुसती बोटे. करवानकाला मागचे बोट नसते, पुढची तीनच बोटे असतात. झाडाची फांदी पकडून बसण्यासाठी मागचे बोट लागते. ज्याला ते नाही, त्याला सारा जन्म जमिनीवर काढावयाचा असतो. हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु पुढे सांगावयाच्या गोष्टीचे मर्म त्यात आहे. घारीला, बगळ्याला, कावळ्याला नदीकाठ नासला तर निदान झाड आहे. करवानकाला वाळू आणि दगडगोटे ह्यांखेरीज दुसरा आसरा नाही.

ह्याचा एक धाकटा भाऊबंद माळरानावर आणि पडीक जमिनीवर राहतो. त्याला नुसते करवानक म्हणतात. मोठा करवानक मात्र पाण्याचा सोबती. मोठ्या नद्यांचे वाळूचे पट्टे, पात्रातील बेटे, दगडगोट्यांचे काठ, क्वचित जलाशयांचे खडकाळ किनारे आणि समुद्रकाठच्या खाड्या ही त्याची ठिकाणे. इराणच्या आग्नेय कोपऱ्यापासून पाकिस्तान, भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार आणि पुढे थेट चीनच्या हैनान बेटापर्यंत त्याचा विस्तार आहे. आपल्याकडे चंबळ, गंगा, महानदी, कावेरी अशा नद्यांवर तो आढळतो. महाराष्ट्रातही मोठ्या नद्यांच्या आणि जलाशयांच्या काठी तो तुरळक दिसतो.

मराठीत ‘वाळवंट’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राजस्थानातील मरुभूमीचा, आणि दुसरा आपल्याला अधिक जवळचा, नदीच्या पात्रातील वाळूच्या पसाऱ्याचा. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की मराठी माणसाला उंट आठवत नाही, टाळमृदंग आठवतो. मोठा करवानक हा ह्या दुसऱ्या अर्थाच्या वाळवंटाचा रहिवासी आहे. दिवसभर तो पात्रातल्या दगडांमध्ये निश्चल उभा राहतो किंवा टाच टेकून बसतो. पन्नास पावलांवरून माणूस निघून गेला तरी त्याला तिथे पक्षी होता ह्याचा पत्ता लागत नाही. सूर्य मावळला की तो हलू लागतो. पाण्याच्या कडेने चालत खेकडे आणि इतर लहान जीव टिपतो. त्या जाड चोचीने दगड उलथवून खालचे भक्ष्य काढतो आणि खेकड्याचे कवच फोडतो. रात्री नदीवरून एखादी लांबट, करुण शीळ ऐकू आली तर ती बहुधा टिटवीची समजली जाते आणि कोणी अभद्र म्हणून कूस बदलतो. ती शीळ अनेकदा ह्या जागल्याची असते.

आता विषयाच्या मुख्य भागाकडे वळू. एखाद्या पक्ष्याची ‘संरक्षणविषयक स्थिती’ म्हणजे काय? तो धोक्यात आहे किंवा नाही हे कोण ठरवते आणि कशावरून?

जगातील प्राणी आणि वनस्पती ह्यांच्या स्थितीची एक लाल यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ १९६४ सालापासून ठेवीत आला आहे. पक्ष्यांपुरते हे काम ‘बर्डलाइफ इंटरनॅशनल’ ही संस्था पाहते. आरंभी तज्ज्ञांच्या मतावर बरेच अवलंबून असे. १९९४ साली मोजमापाचे नियम ठरले आणि २००१ साली ते सुधारून प्रसिद्ध झाले. ह्या नियमांप्रमाणे उतरत्या सुरक्षिततेच्या पायऱ्या आहेत. ज्याची तूर्त काळजी नाही तो चिंतामुक्त. त्याखाली संकटसमीप, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्याशी आलेला. मग असुरक्षित, त्याखाली संकटग्रस्त, आणि अगदी तळाशी अतिसंकटग्रस्त. त्यापुढची पायरी नामशेष होण्याची.

ह्या पायऱ्यांना अंक आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, ह्यांतील जो काळ मोठा असेल त्यात, एखाद्या पक्ष्याची संख्या ३० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटली तर तो असुरक्षित ठरू शकतो. घट ५० टक्क्यांची असेल तर संकटग्रस्त, ८० टक्क्यांची असेल तर अतिसंकटग्रस्त. नुसत्या संख्येवरूनही निवाडा होतो. प्रजननक्षम प्राणी २५० पेक्षा कमी उरले आणि ते घटतच असतील, तर तळाची पायरी फार दूर नसते. ह्या शिडीवर मोठा करवानक संकटसमीप ह्या पायरीवर उभा आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो चिंतामुक्त मानला जात होता. पुढे त्याला एक पायरी खाली आणावे लागले. कारणे दिली आहेत ती अशी: नद्यांवर माणसाचा वाढलेला दाब, धरणे, आणि काही देशांतील शिकार. आग्नेय आशियात मेकाँगसारख्या नद्यांवर तो पूर्वीच्या मानाने फार विरळ झाला आहे.

‘समीप’ म्हणजे अजून संकट आलेले नाही, असा सोयीस्कर अर्थ आपण काढतो. सरकारी टिपणांत आणि वर्तमानपत्रांतही असेच घडते. अतिसंकटग्रस्त म्हटले की निधी मिळतो, समित्या नेमल्या जातात. संकटसमीप म्हटले की फाइल खाली जाते. परंतु ताप ९९ वरून १०१ वर चढत असताना वैद्याला बोलवावे की १०५ होईपर्यंत थांबावे, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. एखादी जात पुष्कळ ठिकाणी पसरलेली असताना तिला सांभाळणे स्वस्त पडते. शेवटचे दोनशे उरल्यावर तेच काम अतिशय महाग होते आणि बहुधा अपुरे पडते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही पायरी कोणी नदीकाठी उभे राहून सगळे पक्षी मोजून ठरविलेली नाही. लाल यादीच्या नियमांत प्रत्यक्ष पाहिलेली घट, अंदाजलेली घट आणि परिस्थितीवरून संशयिलेली घट असे भेद केलेले आहेत. करवानकाच्या बाबतीत घट मुख्यतः परिस्थितीवरून धरलेली आहे. ज्या नद्यांच्या काठी तो राहतो त्या नद्यांचे काय झाले, हे पाहून त्याचे काय होत असेल हे ठरविले आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर त्या यादीत नाव पक्ष्याचे असले तरी वर्णन नदीचे आहे. आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

प्रत्यक्ष मोजणी का होत नाही, असे कोणी विचारील. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा त्यात विचार झाला, आणि १७८ जाती अग्रक्रमाने जपण्याच्या म्हणून निवडल्या गेल्या. हौशी नागरिकांच्या हातून झालेले हे काम खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु हौशी नागरिक पहाटे उठून निघतो आणि ऊन चढले की परततो. ह्या वेळी करवानक दगडांत दगड होऊन बसलेला असतो. जो पक्षी रात्री हिंडतो त्याची शिरगणती दिवसाच्या नोंदींतून काढणे म्हणजे रात्रपाळीच्या कामगारांची हजेरी दुपारी बारा वाजता घेण्यासारखे आहे.

रात्रीचा पक्षी किती सहज आपल्या नजरेतून सुटतो, ह्याचे एक उदाहरण आपल्याच मुलखाशी जोडलेले आहे. जेर्डनचा धाविक हा गोदावरी आणि पेन्नार ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील खुरट्या काटेरी रानात राहणारा, टिटवीहून लहान असा निशाचर पक्षी. १८४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्ड ह्या भूशास्त्रज्ञाला तो आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याच्या परिसरात मिळाला होता. १९०० सालानंतर मात्र तो कोणालाही दिसेना. लोकांनी तो नामशेष झाला असे धरून चालले. ८६ वर्षांनी, जानेवारी १९८६ मध्ये, आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकाने तो पुन्हा शोधून काढला. ह्या शोधात पारधी आणि गावकरी ह्यांच्याकडील माहितीचा मोठा वाटा होता. शास्त्राच्या लेखी जो मेला होता, तो त्या लोकांच्या लेखी जिवंतच होता.

पुढे त्याच्यासाठी अभयारण्य झाले. त्याला शोधण्यासाठी संशोधकांनी एक साधी पण नामी युक्ती योजली. रानात बारीक मातीचे पट्टे पसरावयाचे आणि सकाळी त्यांवर उमटलेली पावले वाचावयाची. शिवाय त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो संध्याकाळी वाजवावयाचा आणि उत्तर येते का ते ऐकावयाचे. ह्यातून थोडे ज्ञान हाती आले. तरीही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर पुन्हा खात्रीची नोंद मिळेनाशी झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातच त्याचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित झाला तेव्हा पक्षीप्रेमींना हायसे वाटले. हा पक्षी आज शिडीच्या तळाच्या पायरीवर, अतिसंकटग्रस्त आहे. मोठा करवानक अजून तितका खाली गेलेला नाही. पण रात्रीचा पक्षी गेला तर तो गेल्याचे आपल्याला किती उशिरा कळेल, हे धाविकाच्या कथेवरून समजते.

आता नद्यांचे काय झाले ते पाहू. त्यासाठी करवानकाच्या संसाराची थोडी माहिती हवी. फेब्रुवारी ते जून हा सामान्यतः त्याचा विणीचा काळ. घरटे असे नसतेच. उघड्या वाळूत किंवा गोट्यांमध्ये किंचित खळगा, आणि त्यात एक किंवा दोन अंडी. अंड्यांचा रंग वाळूचा, वर गडद ठिपके. मादी आणि नर दोघेही राखण करतात. वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना भर उन्हाळ्यात अंडी उबविण्याइतकेच ती भाजू न देण्याचेही काम करावे लागते, कारण दुपारची वाळू अनवाणी पायाला सोसवत नाही. अशा वेळी माणसे, गुरे किंवा कुत्री ह्यांच्या वर्दळीमुळे आईबाप काही काळ दूर राहिले, की कोणी हात न लावताही अंडी निकामी होतात.

पहिले संकट वाळूउपशाचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू, रेती आणि खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस जर काही वापरीत असेल तर ते हेच. मरुभूमीत वाळू अमाप असली तरी ती वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते आणि सिमेंटशी नीट जखडत नाही. नदीची वाळू कोनदार असते म्हणून बांधकामाला तीच हवी असते. जिथे पूर्वी गाढवाच्या पाठीवरून आणि बैलगाडीतून वाळू निघे, तिथे आता यंत्राच्या बोटी, पोकलेन आणि डंपर आले. वाळू ब्रासवर मोजली जाते. नदीला एक ब्रास वाळू साठवावयास किती पूर लागतात, हा हिशेब मात्र कोणत्याही पावतीवर नसतो.

येथे एक विचित्र योगायोग आहे. पावसाळ्यात नदीतून वाळू काढू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यामुळे सारा उपसा कोरड्या महिन्यांत एकवटतो, आणि पाणी सर्वांत कमी, वाळू सर्वांत उघडी असा जो काळ, तोच करवानकाच्या विणीचा काळ. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नदीकाठी त्या महिन्यांत कोणी राहते हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

दुसरे संकट पाण्याच्या व्यवस्थेचे. धरणे झाली, कालवे झाले, त्यांनी शेती फुलली आणि शहरांना नळ मिळाले, हे कोण नाकारील? परंतु धरण पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडविते. पूर बेताचे झाले की पात्रात नवे वाळूचे पट्टे पडत नाहीत, आणि जुन्या पट्ट्यांवर झाडोरा माजतो. जे पट्टे शिल्लक राहतात त्यांची दोन प्रकारे अडचण होते. पाणी फार आटले तर पात्रातील बेट काठाला जोडले जाते आणि कोल्हे, कुत्री सहज चालत जातात. उलट उन्हाळ्याच्या मध्यास धरणातून एकाएकी आवर्तन सुटले तर अंडी रातोरात वाहून जातात. निसर्गाच्या पंचांगात वैशाखात पूर नाही. म्हणूनच हा पक्षी त्या महिन्यांवर विसंबला. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे टाकले की मागे मैलोगणती पात्र भरलेले राहते आणि वाळू पाण्याखाली जाते, ही आणखी एक गोष्ट.

तिसरे संकट वर्दळीचे. पात्रातील कलिंगडाच्या आणि काकडीच्या वाड्या, गुरे, सहली, वाहने, आणि सर्वांत घातक म्हणजे मोकाट कुत्री. नदीकाठी आपण उकिरडा टाकतो, उकिरड्यावर कुत्री आणि कावळे पोसले जातात, आणि ते अंड्यांवर आणि पिलांवर तुटून पडतात. करवानकाची पिले अंड्यातून निघताच चालू लागतात, पण त्यांचा बचाव म्हणजे निपचित पडून राहणे एवढाच. घारीच्या डोळ्याला चकविणारी ही युक्ती वासावर चालणाऱ्या कुत्र्यापुढे चालत नाही.

करवानक ह्या दुःखात एकटा नाही. वाळूच्या पट्ट्यांवर अंडी घालणारा पाणचिरा २०२० साली संकटग्रस्त ठरविण्यात आला, आणि नदी सुरय त्याच वर्षी असुरक्षित ठरला. एकाच चाळीतील बिऱ्हाडे एकामागून एक आजारी पडू लागली तर शहाणा वैद्य औषधाआधी विहिरीचे पाणी तपासतो. येथेही रोग्यांची यादी वाढविण्यापेक्षा नदी तपासणे अगत्याचे आहे.

ह्यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. माणसांना घरे हवीत, पाणी हवे. एका पक्ष्यासाठी बांधकामे थांबवावयाची काय? आमचे म्हणणे तसे नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला पक्ष्याचे गोडवे सांगणे निर्दयपणाचे होईल. पण वाळू ही नुसती बांधकामाची सामग्री नव्हे. ती नदीचे पाणी आपल्यात मुरवून धरते. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झरा उकरून घागर भरण्याचा अनुभव आपल्या मागच्या पिढ्यांना होता. ते पाणी वाळूने सांभाळलेले असे. पात्र खडकापर्यंत खरवडले की काठच्या विहिरी खाली जातात, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, आणि खोल खड्ड्यांत पोहावयास गेलेली मुले बुडतात. ही हानी माणसाचीच आहे. ज्या वाळूवर करवानक अंडी घालतो त्याच वाळूत आपल्या काठच्या विहिरींचे पाणी मुरलेले असते, म्हणून त्याचे हित आणि आपले हित येथे एकमेकांविरुद्ध नाही.

उपाय नाहीत असेही नाही. कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे ह्या पक्ष्याची शिकार करणे आणि अंडी उचलणे गुन्हा आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या खाणपट्ट्यांसही पर्यावरणविषयक परवानगी घेतल्यावाचून मंजुरी देऊ नये. २०१६ साली केंद्र शासनाने वाळूउपशासाठी मार्गदर्शक सूत्रे दिली. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. हे सारे स्वागतार्ह आहे. कमतरता आहे ती एवढीच की ह्या कागदांत घनफुटांचा विचार आहे, महिन्यांचा आणि जागांचा फारसा नाही. लिलावासाठी वाळूचे पट्टे ठरविताना विणीचे पट्टे आधीच वगळले, आणि फेब्रुवारी ते जून त्यांच्याजवळ यंत्रे नेली नाहीत, तर शासनाच्या महसुलाला मोठी खोट बसणार नाही. आवर्तन सोडताना ते एकाएकी न सोडता पाणी हळूहळू चढू दिले, तर निदान पिलांना वर सरकण्यास अवधी मिळेल, आणि पात्रात उतरलेल्या माणसांनाही.

चंबळेवर पाणचिऱ्याच्या वसाहतींसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या रहिवाशांनाच घरट्यांचे राखणदार नेमण्याची पद्धत घातली आहे. विणीच्या महिन्यांत हे राखणदार कुत्री आणि गुरे दूर ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतात. पूर्वी आपल्या गावगाड्यात रात्री पहारा करणारा जागल्या असे. तीच कल्पना नदीसाठी पुन्हा योजता येण्याजोगी आहे. जो कोळी, जो भोई, जो वाडीवाला रात्रंदिवस पात्रात असतो, त्याच्याहून चांगला पहारेकरी शहरातून पाठविता येणार नाही. त्याला मोबदला आणि मान दोन्ही मिळाले पाहिजेत.

शहरवासीयांस काय करता येईल? पुष्कळ. पहिले म्हणजे ऐकणे. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत महिन्यातून एक दोन रात्री, पात्रात न उतरता, घाटावर किंवा पुलाच्या टोकाशी शांतपणे अर्धा तास थांबून नदीवरचे आवाज टिपावेत; शीळ कोणत्या दिशेने आली, किती वाजता, चांदणे होते की अंधार, हे वहीत लिहावे. शाळा आणि महाविद्यालयांनी हे काम वाटून घेतले तर पाच वर्षांत एखाद्या नदीची अशी नोंद तयार होईल की जी आज कोणापाशी नाही. मात्र प्रखर दिवे लावून अंड्यांचे फोटो काढण्याचा मोह आवरावा. घरट्याची जागा सर्वांना सांगत सुटू नये. दुसरे म्हणजे नदीकाठी कचरा टाकू न देणे, म्हणजे कुत्र्यांचे पोषण तेथे होणार नाही. तिसरे म्हणजे घर बांधताना वाळू कोठली, ती परवान्याची आहे काय, कृत्रिम वाळू चालेल काय, हे प्रश्न ठेकेदाराला विचारणे. विचारणारे गिऱ्हाईक वाढले की व्यापार आपोआप सावध होतो. आणि चौथे, वाळूच्या लिलावापूर्वी ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत नागरिकांनी हजर राहणे. तेथे पक्ष्याच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. वहीतील नोंदी घेऊन एक जण उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

लाल यादीतील पायऱ्या एकाच दिशेने जातात असे नाही. परिस्थिती सुधारली तर एखादी जात वरच्या पायरीवर नेता येते. तशी उदाहरणेही आहेत. मोठ्या करवानकाला पुन्हा चिंतामुक्त म्हणता यावे, इतका तो अजून पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. त्यासाठी मोठे अभयारण्य नको, परदेशी पैसा नको. नदीत थोडी वाळू नदीपुरती राहू द्यावी आणि उन्हाळ्याचे चार महिने ती निवांत असावी, एवढीच त्याची गरज आहे. यंदाचा विणीचा काळ चालू आहे. नदी जवळ असेल त्यांनी एका रात्री वेळ काढून तिच्या काठी जावे आणि ऐकावे. शीळ ऐकू आली तर तारीख आणि वेळ टिपून ठेवावी. ऐकू आली नाही तर तेही टिपून ठेवावे.